चार अंश उसने

जानेवारीत पहाटे लष्कर भागात
हवा दोन अंशांवर येते
आणि आमच्या बावडीतून वाफ निघते.
लोक म्हणायचे, खाली कुणीतरी चूल पेटवतं.
मी पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिला,
चुलीचं बिल कधी आलं नाही.

निवृत्तीनंतर दोरीला थर्मामीटर बांधून आत सोडला.
घरातलाच, तापाचा.
पारा हलला नाही;
पस्तिसाच्या खालचं त्याला वाचता येत नाही.
मग शाळेच्या प्रयोगशाळेतला मागून आणला.
चोवीस.
दुसऱ्या दिवशी चोवीस.
शाळेला थंडीची सुट्टी दिली त्या दिवशीही चोवीस.

वर दोन, खाली चोवीस.
मधले बावीस आकडे नुसते बसून,
आणि पलीकडे रैनबसेऱ्यात माणसं
सिमेंटची रिकामी पोती पांघरून.

हे मी ज्याला त्याला सांगत सुटले.
चंबळेपार धौलपूरहून आला तो एकटा,
नत्थीलाल कुशवाह,
बटाट्याच्या कोल्ड स्टोअरेजचा मिस्त्री.
पायऱ्या उतरून त्यानं पाण्यात हात घातला
आणि बराच वेळ काढला नाही.
म्हणाला, "वीस साल बटाटे थंड ठेवले, बाई,
त्यांच्यातली गरमी छतावरून फेकत राहिलो.
कुणी मागितली नाही.
मशीन तीच लागेल. बस, तोंड फिरवायचं."

मशीन निघालं, पुलावर अडलं.
राजस्थानातलं भंगार की मध्य प्रदेशातलं यंत्र,
ई-वे बिलात मालाचं नाव काय?
नत्थीलालनं लिहिलं होतं: गरमी बनवण्याचं सामान.
तपासणीवाल्यानं विचारलं, हीटर किती?
एकही नाही.
मग गरमी कुठून?
पाण्यातून.
पाणी कुठंय?
ग्वाल्हेरला.
दोन रात्री टेम्पो पुलाच्या तोंडाशी उभा.
तिसऱ्या दिवशी मी गेले, रजिस्टर काखेत.
इतकी वर्षं शून्यं लिहिलेला माणूस
अशा वेळी उपयोगी पडतो.

पाइप टाकले ते गल्लीनं.
तांब्यांच्या गॅरेजमधून एक तोटी,
शितोळ्यांच्या परसातून खड्डा,
वाचनालयाच्या म्हाताऱ्यांनी माकडटोप्या न काढता
एकेक बादली वाळू.
बाळंतिणींच्या वॉर्डात पाइप आधी जाणार,
याच्यावर भांडण झालं नाही.
बाकी सगळ्यावर झालं.

सुरू केलं त्या रात्री
यंत्र आधी खोकलं, मग गुरगुरलं.
खोली गरम व्हायला पावणेदोन तास लागले.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
रैनबसेऱ्यातला एक हमाल उठून बसला,
पायातलं गोणपाट सोडलं, घडी केली,
उशाला घेतलं.
वॉर्डात सकाळी पाहिलं तर
पाइपभर लंगोट वाळत घातलेले,
आणि एका आयाबाईनं
वाटीत विरजण ठेवलेलं, पाइपाला टेकवून.

परतीचं पाणी मोजलं: वीस.
चार अंश कमी.
नत्थीलाल गप्प.
मी म्हटलं, विहीर थंड पडेल का रे?
तो म्हणाला, "मे में उलटा चलाएँगे.
वॉर्ड की गरमी बावड़ी को."

आमच्याकडे वाटीभर साखर नेली
तर वाटी रिकामी परत देत नाहीत.
रजिस्टरचं नवं पान काढलं.
जमा, खर्च या दोन्ही रकान्यांत बसेना,
म्हणून समासात लिहिलं:
बावडीकडून चार अंश, उसने.
वायदा: मे.

काल धौलपूरहून फोन होता.
तिकडच्या सरकारी दवाखान्यामागे एक विहीर आहे,
वाफ निघते,
कुणाला तरी थर्मामीटर घेऊन पाठवा.
दोरी किती हात लागेल, मी विचारलं.
नत्थीलालचा आवाज तुटत होता,
पुलावर असेल,
तिथं कुठल्याच बाजूचं नेटवर्क धरत नाही.
"लंबी," एवढं ऐकू आलं,
"लंबी लाना."